बाळंतपणानंतर आशाताईंच्या सहा घरभेटी : अनुभव आणि सविस्तर रिव्ह्यू

बाळगाडी, ब्रेस्टपंप, डायपर यांचे रिव्ह्यू शोधायला गेलं की ढिगाने सापडतात. पण माझ्या बाळाचा पहिला महिना ज्या सेवेमुळे नीट पार पडला तिच्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून मीच लिहितेय. लांबेल थोडं, कारण ही सेवा आली कुठून हेही सांगायचंय, ते माहीत नसलं की माणूस हिला हलक्यात घेतो.

तर सेवा म्हणजे आशाताईंच्या (गावात सरकारी आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या) घरभेटी. सरकारी कागदावर हिला एचबीएनसी (होम बेस्ड न्यूबॉर्न केअर, म्हणजे नवजात बाळाची घरी जाऊन काळजी) म्हणतात, गावात ते नाव कोणी घेत नाही, "आशाताई वजन करायला आली" एवढंच. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पैसे शून्य. पहिलं बाळ असो की तिसरं, मुलगी असो की मुलगा, पिवळं रेशनकार्ड असो की नसो, सगळ्यांना.

मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, यवतमाळ जिल्ह्यात. बाळ २ किलो २०० ग्रॅमचं झालं, म्हणजे कमी वजनाचं. दवाखान्यातून घरी सोडलं आणि लगेच तिसऱ्या दिवसाच्या भेटीला आशाताई हजर. खांद्याला बॅग, त्यात झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, छोटं ब्लँकेट, वाटी-चमचा आणि फॉर्म. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, टॉवेलला न पुसता हवेवर वाळवले, मग बाळाला हात लावला. आमच्याकडे बाळ बघायला येणारे निम्मे लोक सरळ रस्त्यावरून येऊन गालाला हात लावत होते, त्यामुळे हे एवढंच बघून घरात एक शिस्त लागली. दुसऱ्या दिवसापासून आईने दारातच बादली आणि साबण ठेवला.

भेटीत काय होतं ते नीट सांगते, कारण "वजन करून जाते" हा मोठा गैरसमज आहे. आधी बाळंतिणीची चौकशी : रक्तस्राव किती, ताप आहे का, डोकं दुखतं का, पोटभर जेवते का. मग मला पाजायला लावलं आणि बाळाचं तोंड कसं लागतंय ते शेजारी बसून पाहिलं, तोंडात नुसतं बोंड जात होतं ते सोडवून पुन्हा नीट लावून दिलं, आणि तेवढ्यानेच माझं दुखणं अर्ध्यावर आलं. मग काखेत थर्मामीटर. मग झोळीत घालून वजन. मग झबलं वर करून छातीकडे बघत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. अर्धं मिनिट मोजून दुप्पट नाही करायचं, कारण एवढ्या लहान बाळाचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. मिनिटाला ६० किंवा वर गेले तर पुन्हा मोजायचं, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. मग बेंबीत पू, लाली आहे का, मानेच्या आणि जांघेच्या वळकट्यांत फोड आहेत का, डोळे चिकटतायत का, हातपाय लुळे पडलेत का. हे सगळं फॉर्मवर लिहीत लिहीत. आणि पहिल्या भेटीला हे सगळं करून दाखवताना आईला आणि आजीला समोर बसवून घेतलं होतं.

आजीचा मुद्दा मुद्दाम लिहिते. आमच्याकडे आजीचं म्हणणं, बाळाला रोज तेल लावून कढत पाण्याने आंघोळ, बेंबीला तेल-हळद, आणि वर शेगडीची धुरी. आशाताईने एकदाही "हे अडाणीपणाचं आहे" असं म्हटलं नाही. "आजी, तुमचे हात चांगलेच आहेत जी, पण हे लेकरू लहान आहे, आंघोळीत गार पडते, वजन वाढू द्या मग तुम्हीच घाला." तोवर कोमट पाण्यात कपडा भिजवून, पिळून, पुसून काढायचं. बेंबी कोरडी ठेवायची, काही लावायचं नाही. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो म्हणून शेगडी खोलीबाहेर. आजीने ऐकलं! शहरातल्या डॉक्टरने सांगितलं असतं तर ऐकलं नसतं हे मी खात्रीने सांगते, आशाताईची स्वतःची दोन्ही बाळंतपणं आजीने पाहिलेली, त्यामुळे ती घरचीच.

सातव्या दिवशीच्या भेटीत बाळ सुस्त वाटत होतं. पाय गार. आम्हाला वाटत होतं शांत आहे, छान झोपतंय. थर्मामीटर लावला तर ९६ च्या आसपास. तिने घाबरवलं नाही, पण वेळही घालवला नाही. माझ्या छातीवर बाळाला उघडं ठेवलं, नुसती टोपी, मोजे आणि लंगोट, वरून माझी चादर आणि तिचं ब्लँकेट. खिडकी लावून घेतली. मग दूध काढून वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजलं, कारण चोखायला त्याला दम लागत होता. स्वतः तिथेच बसून राहिली, पुन्हा ताप बघितला, अंग गरम झालं, बाळाने डोळे उघडून मोठ्याने रडून दाखवलं तेव्हा ती उठली. जाताना बजावून गेली : दूध पिणं कमी झालं किंवा बंद झालं, रडणं मंद झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार किंवा गरम लागलं, छाती आत ओढली जायला लागली, पोट फुगलं किंवा सारखी उलटी झाली, बेंबीतून पू आला, यातलं काहीही दिसलं की मला फोन करा आणि मी यायची वाट न बघता १०२ ला किंवा १०८ ला लावा. आजारी बाळाला नेणं-आणणं, तपासण्या, औषधं हे सरकारी दवाखान्यात फुकट असतं हेही मला तिच्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी भेट ठरलेली नसताना येऊन गेली.

आता ही धोक्याच्या खुणांची यादी तिला कुणी दिली? इथे मला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्याबद्दल लिहायलाच पाहिजे. नाव सगळ्यांना माहीत असतं, महाराष्ट्र भूषण, पद्मश्री वगैरे, पण त्यांनी नेमकं काय शोधलं ते विचारलं तर बरेच जण "आदिवासींची सेवा करतात" असं मोघम सांगतात. सेवा तर करतातच, पण ते संशोधक आहेत आणि त्यांच्या संशोधनाचा निकाल माझ्या माहेरच्या ओसरीवर बॅग घेऊन आला होता.

दोघं नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पब्लिक हेल्थ शिकून परत आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केलं. गडचिरोली जिल्हाच तेव्हा नवा, १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा काढलेला. त्यांची संस्था सर्च. आधी राणीताईंचा अभ्यास आला, गावातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आहे हे दाखवणारा, तो १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मग लहान मुलांचा न्यूमोनिया. गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना आणि दाईंना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि गोळी-औषध द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाची वाळूची घटिका असलेलं साधन बनवलं. न्यूमोनिया झालेल्या मुलांतला मृत्यूचा आकडा कार्यक्रमाच्या गावांत ०.८ टक्के राहिला, आणि तुलनेच्या गावांत तो १३.५ टक्के होता. हे १९९० ला आलं.

आणि मग उरली ती अगदी तान्ही बाळं. मोठी मुलं वाचायला लागली तसं दिसायला लागलं की उरलेल्या मरणांत मोठा वाटा पहिल्या २८ दिवसांतल्यांचा आहे, आणि त्यांच्याबद्दल तर कोणाला काही माहितीच नाही, कारण ती घरात जन्मतात आणि घरातच जातात, दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कधी येतच नाहीत. सगळं पुस्तकी ज्ञान दवाखान्यातल्या बाळांवरून आलेलं. म्हणून त्यांनी आधी घरोघरी जाऊन बाळांचं निरीक्षण केलं. ७६३ बाळं पाहिली, त्यातल्या निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती आणि मिळाले फक्त २.६ टक्के बाळांना. हा आकडा वाचून मी बराच वेळ पुढे वाचूच शकले नाही.

त्यानंतर ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका. त्यांना बाळ न रडता जन्मलं तर श्वास कसा द्यायचा, गार पडलेलं बाळ ऊबदार कसं करायचं, कमी वजनाच्याला कसं पाजायचं हे शिकवलं, आणि सगळ्यात वादाची गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग ओळखून घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. कमी शिकलेली खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला अँटिबायोटिक टोचणार, ही गोष्ट किती डॉक्टरांच्या पचनी पडली असेल विचार करा. बाजूची ४७ गावं तुलनेसाठी. सुरुवातीला ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला, तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्यांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर. खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटमध्ये हे आलं. पुढे बांगलादेशात सिल्हेटला वेगळ्या लोकांनी अशाच घरभेटी करून पाहिल्या, तिथेही बाळांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांश कमी झाले. २००९ ला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने घरभेटींची शिफारस केली. २०११ ला भारत सरकारने आशांमार्फत देशभर योजना लागू केली.

मला यात सगळ्यात भावतं ते हे की बंग दोघांनी बाळाला मशीनपर्यंत न्यायचा हट्ट धरला नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गडचिरोलीतल्या कितीतरी गावांतून कुठलंच बाळ कुठेच नेता येत नव्हतं. मग जे काही डॉक्टर करतो त्यातलं घरात काय करता येईल ते एकेक वेगळं काढलं, शिकवता येईल असं सोपं केलं, आणि नुसतं "आम्हाला वाटतं चालेल" असं न म्हणता वर्षानुवर्षं गावागावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवून सिद्ध केलं. एका माणसाच्या करिअरमधली किती वर्षं यात गेली बघा, १९९३ ला सुरुवात आणि देशभर योजना व्हायला २०११.

आता सेवेत काय कमी आहे तेही लिहिते, नाहीतर हा रिव्ह्यू अर्धवट राहील.

पहिलं म्हणजे सरकारने ही सेवा घेताना तिची धार कमी केली असं माझं स्पष्ट मत आहे. गडचिरोलीत आरोग्यदूत पहिल्या आठवड्यात जास्त वेळा घरी जायची, इथे तिसऱ्या दिवसानंतर थेट सातवा दिवस. महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच दगावतात हे जगभर माहीत असताना नेमकी तीच मधली जागा मोकळी का ठेवली? आणि आशाताईला इंजेक्शन द्यायची परवानगी नाही, तिने ओळखायचं आणि पाठवायचं. जिथे तासाभरात चांगला दवाखाना आहे तिथे हे ठीकच आहे, उलट बरंच आहे. पण मेळघाटात, भामरागडला, धडगावला पाऊस लागलेला असताना पाठवायचं कुठे?

दुसरी अडचण माहेर-सासरची. माझी नोंद सासरच्या गावात, बाळंतपण माहेरी. माहेरची आशाताई चांगली होती म्हणून तिने स्वतःहून केलं. पण चौदाव्यानंतर आम्ही एका नातेवाइकांकडे थोडे दिवस होतो तिथे कोणीच आलं नाही, विचारलं तर "तुमचं नाव आमच्या यादीत नाही." आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मग यादी बाळासोबत का फिरत नाही?

तिसरं, सगळीकडे असं काम होत नाही. माझ्या जावेच्या बाळंतपणात दुसऱ्या एका ठिकाणी दोन भेटी झाल्या, बाकी फोनवर "बाळ ठीक आहे ना?" आणि फॉर्म मात्र पूर्ण भरलेला. हे चूकच आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण त्या बाईकडे किती घरं, किती सर्व्हे, किती रजिस्टरं आहेत तेही बघा. या सगळ्या भेटींचे मिळून एका बाळामागे २५० रुपये ठरवले होते, तेही ४२ दिवस पूर्ण होऊन सगळं कागदावर आल्यावर. सहा वेळा उन्हातान्हात जायचं, प्रत्येक वेळी तासभर बसायचं, त्याचे २५० रुपये! आशा मानधनासाठी संपावर जातात तेव्हा "कामं अडतात" म्हणून चिडणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

आणि साहित्य. थर्मामीटरचा सेल गेलेला होता तो तिने स्वतःच्या पैशाने टाकला. काट्याची झोळी धुऊन धुऊन विरलेली. अशा गोष्टी वेळेवर बदलून द्यायला फार पैसे लागत नाहीत.

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीने एका खाजगी कंपनीचं घरी येणाऱ्या नर्सचं पॅकेज घेतलं होतं, पैसे भरपूर. युनिफॉर्म छान, ॲप छान, मालिश छान, बाळाचे फोटो काढून द्यायचे. पण बाळाचे श्वास पूर्ण मिनिट मोजलेले तिला एकदाही आठवत नाहीत, आणि धोक्याच्या खुणा तिला मी फोनवर सांगितल्या. मालिश हवी तर जरूर घ्या, पण पहिल्या महिन्यात बाळाला मालिशपेक्षा बघणारा डोळा लागतो.

रेटिंग द्यायचं तर आमच्या आशाताईला ५ पैकी ५, योजनेला साडेतीन. गेल्या काही वर्षांत आकडे सुधारलेत यात शंका नाही, २०२० च्या सरकारी पाहणीत देशात हजारामागे २० आणि महाराष्ट्रात ११ बाळं महिन्याच्या आत दगावली असं आलं. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, नवजात बाळांचे अतिदक्षता कक्ष झाले, रस्ते झाले, त्यामुळे सगळं श्रेय घरभेटींना देता येत नाही, पण उरलेली ११ सुद्धा कोणाच्या तरी घरातली आहेत.

ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांच्यासाठी : सातव्या महिन्यातच माहेर आणि सासर दोन्हीकडच्या आशाताईंचे नंबर घेऊन ठेवा आणि कुठे किती दिवस राहणार ते दोघींना सांगा. नंबर नसेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा. माता-बाल कार्ड सगळीकडे सोबत ठेवा. बाळ झालं की त्याच दिवशी फोन करा, तिला कळेल तेव्हा कळेल असं नको. भेटीच्या वेळी घरातली जी व्यक्ती बाळाला आंघोळ घालते, झोपवते, तिला हजर ठेवा, नवऱ्यालाही बसवा, माझ्या नवऱ्याने श्वास मोजायला शिकून घेतला आणि नंतर बाळाला सर्दी झाली तेव्हा रात्री त्यानेच मोजले. श्वास मोजताना बाळ शांत असायला हवं, रडत असेल तर तिला थांबायला सांगा, चहा द्या, बाळ निजलं की मोजू द्या. भेट झाल्यावर फॉर्मवर तारीख आणि वजन तुमच्या कार्डातही लिहून घ्या. आणि जी भेट झालीच नाही तिच्यापुढे सही करू नका, ओळखीची आहे म्हणून नाही, बिचारीचे पैसे अडतील म्हणूनही नाही, तिला सांगा उद्या ये, आम्ही घरीच आहोत.